कपाटाचं चित्र असलेलं पुस्तक

४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा अंगठा! उजव्या पायाचा, त्याच खोक्याला, त्याच कोपऱ्यावर. खोकं पलंगाखालून चार बोटं बाहेर आलेलं असतं आणि मी सकाळी चष्म्याशिवाय उठतो. तीन वर्षं हिच्या कादंबरीच्या प्रती या पलंगाखाली आहेत. पाचशे छापल्या. शंभरेक गेल्या – नातेवाईक, शेजारी, लेकीच्या ऑफिसातले लोक. त्यांतल्या एकानेही वाचल्याचं ऐकिवात नाही. बाकीच्या माझ्या अंगठ्यासाठी ठेवल्यात.

रागात बोलून गेलो – "ही खोकी या घरातून कधी हलणार आहेत?"

ही भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. भाजी चिरता चिरता म्हणाली, "तीस तारखेला रद्दीवाला येतोय. त्याला देऊन टाकते." मग जरा थांबून, "दुसरीच्या वह्याही देते. एकदाच काय ते."

दुसरी म्हणजे दुसरी कादंबरी. सहा वह्या भरल्यात हिने. म्हटलं, "वह्या कशाला?"

"कुणी वाचतच नाही, तर लिहायचं कुणासाठी?"

हे इतक्या शांतपणे म्हणाली की मी घाबरलो. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. मोटर आवाज करत असेल तर मला काळजी नसते, ती दुरुस्त होते. चालता चालता एकदम आवाज बंद झाला की मी हातातलं टाकून धावतो.

५ नोव्हेंबर

दुपारी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हल्ली लोक पुस्तकं मुद्दाम बाहेर ठेवून देतात. बाकावर, थांब्यावर, कुठेही. ज्याला हवं तो उचलतो, वाचतो, पुढच्यासाठी ठेवून देतो. तुम्ही तर रोज दहा इमारती फिरता."

म्हटलं हे जमण्यासारखं आहे. एक जरी वाचक मिळाला तर त्याला धरून घरी आणीन, हिच्यासमोर उभा करीन. मग बघू कशी देते वह्या रद्दीत.

"आणि तुम्ही वाचलीत का हो, बाबा?"

म्हटलं, निवृत्त झालो की निवांत वाचणार आहे. दोनच वर्षं राहिलीत. लेक नुसती "हं" म्हणाली. अगदी आईसारखं.

६ नोव्हेंबर

चार प्रती हत्यारांच्या पिशवीत तळाशी घातल्या, वर ग्रीसचा डबा. हिला पत्ता नाही. एक इस्पितळात लिफ्टसमोरच्या बाकावर, एक कर कार्यालयात, एक दातांच्या डॉक्टरकडे, एक वकिलांच्या इमारतीत.

ठेवताना पुस्तक नीट बघितलं. मुखपृष्ठावर राखाडी कपाट! दोन दारं, बंद. बाजूला एक ठिपका, कडी असावी. लेकीच्या मैत्रिणीने काढलंय म्हणे. कपाट बघून कोण पुस्तक उचलणार? फर्निचरच्या दुकानाचं माहितीपत्रक वाटतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

७ नोव्हेंबर

चारही परत.

इस्पितळाच्या काउंटरवरच्या बाईंचा फोन, मी स्कूटरला किल्ली लावायच्या आत – "काका, तुमचं पुस्तक राहिलं. जपून ठेवलंय हं." वकिलांच्या इमारतीतला लिफ्टमन चावीवाल्याकडे देऊन गेला, चावीवाल्याने चहावाल्याकडे दिलं, चहावाल्याने मला रस्त्यात गाठलं. दातांच्या डॉक्टरांनी स्वतः आणून दिलं. आणि कर कार्यालयातले कारकून, ज्यांनी माझं साधं पत्र सहा महिने पुढच्या टेबलावर सरकवलं नव्हतं, ते दोन जिने धावत उतरले. "अहो मिस्त्री, पुस्तक!" घामाघूम. मला म्हणावं लागलं, उपकार झाले.

याच कार्यालयातून माझा बारा नंबरचा पाना गेला. टॉर्च गेली. एकदा डबा गेला, आतल्या जेवणासकट. आजवर काही परत आलं नाही. पुस्तक तेवढं आलं!

८ नोव्हेंबर

हिचंही काही कळत नाही. बाहेर माझी ही वणवण आणि घरात प्रती कुठेही पडलेल्या. आज हत्यारांची पेटी उघडली तर पान्यांवर कादंबरी. गेल्या महिन्यात स्कूटरच्या डिकीत होती. त्याआधी दाढीच्या आरशासमोर. कधी कधी तर माझ्या उशीवर! मी काय करणार? उचलतो, खोक्यात नेऊन ठेवतो. जिथली वस्तू तिथे. पाना जागेवर नसला की माणसाचा हात जातो, ही आमची पहिली शिकवण.

आज ठेवताना हिने बघितलं. म्हटलं असेल काही बोलायचं. तर म्हणाली, "हात तेलकट आहेत तुमचे."

तेलकटच असणार. लिफ्टवाला आहे मी, अत्तरवाला नाही.

९ नोव्हेंबर

दूरच्या बसथांब्यावर एक ठेवलं. तिथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. मागे न बघता निघून आलो.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी अकराला बेल. दारात सत्तरीचे एक गृहस्थ, एका हातात काठी, दुसऱ्यात कादंबरी. तीन मजले चढून आले होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, याच्यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत.

दार हिने उघडलं. "तुमचं पुस्तक थांब्यावर विसरलं होतं," ते म्हणाले. हिने त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग अगदी हलकेच विचारलं, "वाचून बघितलंत का?"

"छे छे. दुसऱ्याच्या पुस्तकाला कसा हात लावायचा? पत्ता मागेच आहे ना, म्हणून बरं."

पत्ता! मागच्या कव्हरवर, हिच्या फोटोखाली, ठळक अक्षरात. प्रकाशक म्हणून घरचाच पत्ता. आणि तो मोठ्या अक्षरात टाका असं छापखान्यात कोण सांगून आलं होतं? मीच. म्हटलं होतं, माल कुणाचा आहे ते लांबून कळलं पाहिजे.

ते गेल्यावर हिने पुस्तक कडेने तपासलं. वाचलेलं पुस्तक ओळखू येतं. पानांची कड मळते, अंगठा लागतो तिथे काळसर होते. ही कड पांढरीशुभ्र.

"थांब्यावर कसं गेलं हे?" हिने विचारलं.

"कुणी विसरलं असेल."

"कोण विसरणार? कुणाकडे आहेच कुठे?" एवढं म्हणून खोक्यात ठेवून आली. मला तोंड दाखवायला जागा नाही.

१२ नोव्हेंबर

नवी युक्ती. पहिल्या कोऱ्या पानावर मार्करने लिहिलं – हे पुस्तक हरवलेलं नाही. घ्या, वाचा, पुढे ठेवा. आठ प्रतींवर लिहिलं. हात दुखला.

१३ नोव्हेंबर

सहा परत. सूचना आत आहे, आणि पुस्तक उघडतंय कोण! मागचा पत्ता वाचतात आणि निघतात पुण्य कमवायला. आज पोस्टमननेही एक आणून दिलं. कुणीतरी स्वतः तिकिटं लावून पाठवलं होतं, वर चिठ्ठी – आपली अमानत. हिच्या हाती पडायच्या आत मी जिन्यातच गाठलं. दिवसातून तीन वेळा त्या जिन्यात दबा धरून बसतोय. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "भावोजी, घरात भांडण झालंय का?"

१४ नोव्हेंबर

आज कहर झाला.

कर कार्यालयातून तक्रार – लिफ्ट बंद, दार लागत नाही. गेलो. शिपाई फायलींची कपाटं हलवत होते, दार मिटू नये म्हणून खाली पाचर मारली होती. वाकून बघतो तर हिची कादंबरी! चुरगळलेली, मुखपृष्ठावरच्या कपाटावर बुटाचा ठसा. माझ्याच लिफ्टच्या दारात.

"हे कुठून घेतलं?"

"बाकावर पडलं होतं, मिस्त्री. जाड आहे, बरोबर बसलं."

तीन वर्षांत पहिल्यांदा या पुस्तकाचा कुणालातरी उपयोग झाला होता, आणि तो असा. मी त्या शिपायाला इतकं बोललो की साहेब बाहेर आले. एरवी मी आवाज चढवणारा माणूस नाही. घरी येताना पुस्तक रुमालाने पुसलं. ठसा गेला नाही. ते खोक्यात ठेवायचा धीर झाला नाही, स्कूटरच्या डिकीत ठेवलंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळ्या घोळाचं मूळ तो पत्ता. म्हणून आज पत्त्यावर काळी टेप चिकटवली, वायरींना लावतो ती. बँकेत खालच्या सोफ्यावर ठेवलं आणि वरच्या मशीनरूमला गेलो. पाऊण तासाने खाली उतरतो तर सोफ्याभोवती मोकळं रिंगण, लोक भिंतीला चिकटून उभे, आणि बँकेचा गार्ड लांब काठीने पुस्तक ढोसतोय.

बेवारस वस्तू. त्यावर काळी टेप. मी कपाळाला हात लावला.

म्हटलं, "माझंच आहे ते."

गार्ड म्हणजे मिशीवाला, निवृत्त फौजी, नियमाचा पक्का. त्याने टेप सोलून काढली, मागचा फोटो बघितला, मग मला बघितलं. "हा फोटो तुमचा नाही."

"बायकोचा आहे."

"पुरावा?"

बायको असल्याचा पुरावा खिशात घालून कोण फिरतं? पुस्तक जप्त. बेवारस वस्तू आठ दिवस त्याच्या खणात राहणार, मग ठरवणार. मी चार शब्द सुनावले, त्याने ते शांतपणे वहीत लिहून घेतले.

२० नोव्हेंबर

आजवर सतरा ठेवली. सोळा या ना त्या वाटेने परत. सतरावं बँकेच्या खणात कैदेत. दहा दिवस राहिले.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी आलो तर ही जमिनीवर बसून वह्या बांधत होती. सहाच्या सहा, एकावर एक, कडा जुळवून. सुतळीची गाठ घट्ट बसत नव्हती म्हणून वरच्या वहीवर गुडघा ठेवला होता.

मला हिचं लिहिणं कळत नाही. पण रोज सकाळी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसते, पेन कागदावर घासत असतं, मधेच थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. मी त्या आवाजात दाढी करतो, बूट घालतो. पेन थांबलं की वस्तरा थांबतो माझा. तो आवाज या घरातून गेला तर मला चालणार नाही. अजिबात चालणार नाही.

हे हिला सांगायचं होतं. दारात उभा राहिलो. तोंडातून निघालं काय – "सुतळी पुरेल ना?"

"पुरेल," म्हणाली.

माझ्यासारखा बैल दुसरा नसेल.

२३ नोव्हेंबर

आज कुठेही ठेवलं नाही. कंटाळा आला माणसांचा. इतकं प्रामाणिक असू नये कुणी. एक वस्तू स्वतःहून तुमच्या हातात येते, आणि तुम्ही ती उघडूनसुद्धा बघत नाही, जिथली तिथे पोचवून मोकळे. वर आपण काही चांगलं केलं असं वाटून घेता!

२५ नोव्हेंबर, सोमवार

बँकेत गेलो, पुस्तक सोडवायला. घरच्या रेशनकार्डाची प्रत नेली होती, नवरा असल्याचा पुरावा म्हणून. गार्डने ती बघितलीसुद्धा नाही. खण उघडला, पुस्तक काढलं, पण हातातून सोडेना.

मी कड बघितली. काळसर! पहिल्या पानापासून जवळजवळ शेवटपर्यंत, एकसारखी, अंगठा लागतो तिथे.

"तुम्ही वाचलं?"

"आठ तास खुर्चीवर बसून काय करायचं, मिस्त्री? खणात होतं. म्हटलं, आत काही आक्षेपार्ह आहे का तपासावं." जरा ओशाळला. "शेवटचं प्रकरण राहिलंय. आज नेऊ नका."

म्हटलं, न्यायचा प्रश्नच नाही, तुमचंच ते. मग मला राहवेना. "कसं वाटलं?"

"तुमचंच काम आहे की सगळं. ती बाई लिफ्टमध्ये अडकलीय, दोन मजल्यांच्या मधे. हा बाहेरून दार उघडायच्या खटपटीत. ती आतून बोलतेय, बोलतेय, सगळं आयुष्य सांगतेय त्याला. आणि हा नुसता पाना फिरवतोय! एक शब्द नाही. दोनशे पानं झाली. मी इथे बसून त्याला शिव्या घालतोय."

"लिफ्ट?" मी म्हटलं.

"म्हणजे काय? मुखपृष्ठावरच दार आहे की लिफ्टचं."

बघितलं. दोन दारं, मधोमध मिटणारी. बाजूला ठिपका – बटण. एकतीस वर्षं मी रोज त्या दारासमोर उभा राहतो.

"बाईंनी बारकावे अगदी बरोबर टिपलेत. तुम्हीच सांगितले असणार," गार्ड म्हणाला. मी काय सांगितलं? जेवताना कधी काही बोलत असेन, आज अमुक इमारतीत सेन्सर गेला, तमुक ठिकाणी दोर बदलला. ही ऐकते असं वाटलंच नव्हतं.

मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "तेवढं सांगा. शेवटी तो बोलतो का हो?"

माझ्या मागे दोन माणसं उभी होती. गार्ड डोळे लावून बसला होता. म्हटलं, "बोलतो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत टेकून बसला.

घरी तीन मजले एका दमात चढलो. हिला सगळं सांगून टाकलं – थांबा, बाक, टेप, गार्ड, कड काळी झालेली. एक वाचक मिळाला! सगळं पुस्तक वाचलं त्याने, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय! हिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलो.

"काय म्हणाला?"

"विचारत होता, तो शेवटी बोलतो का."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"बोलतो म्हटलं."

ही माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला कळलं असतं काय करायचं.

"नाही बोलत," म्हणाली, आणि गॅस बंद करायला आत गेली.

२७ नोव्हेंबर

तरी रद्दीवाला येणारच! म्हटलं, "अगं, मिळाला ना वाचक? एक तरी हवा होता, मिळाला."

"हो. मलाही एकच हवा होता," म्हणाली.

मग झालं की! तरी वह्यांची सुतळी सोडायला तयार नाही. हात टेकले मी हिच्यापुढे. लेकीला फोन करून तक्रार केली तर ती पण नुसती "हं" म्हणाली. दोघी मायलेकी एका साच्यातल्या.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी खोकी मीच ओढून काढली. भिंतीलगतच्या शेवटच्या खोक्यात, सगळ्यात वर, एक प्रत. कव्हर काळ्या अंगठ्यांनी भरलेलं. ग्रीसचे अंगठे. माझे. एकाच प्रतीवर इतके? ही एकच प्रत मी दर वेळी उचलून आणून ठेवत होतो. कड पांढरीशुभ्र.

उघडली. पहिल्या कोऱ्या पानावर हिचं अक्षर. वर – "हे हरवलेलं नाही. वाचा." त्याखाली तारखा, पेन्सिलीने, एकाखाली एक. उशी. आरसा. डबा ठेवतात ती फळी. डिकी. पुन्हा उशी. पहिली तारीख तीन वर्षांपूर्वीची, पुस्तकं छापखान्यातून आली त्याच दिवसाची. शेवटची ८ नोव्हेंबर, हत्यारांची पेटी. एकोणीस झाल्या.

खालून रद्दीवाल्याने हाक मारली. गॅलरीतून त्याला परत पाठवलं. साबणाने दोनदा हात धुतले आणि पलंगावर बसलो.

आता पान त्रेचाळीस. ही दोनदा दारापर्यंत येऊन गेली. दाराचा सेन्सर बरोबर लिहिलाय, पण वीज गेल्यावर ब्रेक सुटतो असं लिहिलंय. सुटत नाही, लागतो! शेवटी हाक मारली, म्हटलं, "अगं, इथे चुकलंय तुझं."

आली, शेजारी बसली, आणि म्हणाली, "कुठे? दाखवा."